पाच तासांचे विमान, ८८ तासांचा प्रवास

अब्बांचे निधन झाले तेव्हा बुधवारच्या रात्रीचे साडेनऊ वाजले होते. धाकटा भाऊ जेद्दात होता. तिथे एका घरी तो ड्रायव्हर म्हणून काम करतो. फोन मीच लावला. तो रडत होता आणि मी त्याला सांगत होतो, "अब्भीच निकल. पाँच घंटे का तो रास्ता है."

शेजारी बसलेल्या मामूंनी तोवर मोबाइलवर अंतर पाहिले होते. मुंबई ते जेद्दा, साडेतीन हजार किलोमीटर. "फजरपर्यंत येतो बघ," ते म्हणाले. घरात जमलेल्या सगळ्यांना हा हिशेब पटला. मुलगा आला की मिट्टी द्यायची असे ठरले. मय्यत फार वेळ ठेवू नये ही आपल्याकडची शिकवण, म्हणून इमामसाहेबांनी गुरुवारच्या जोहरपर्यंत थांबायला होकार दिला. गुरुवारी जोहर झाली, जनाजा उठला. भाऊ आला नव्हता. तो पिंपरीत पोहोचला रविवारी दुपारी दीड वाजता.

बुधवारी रात्री साडेनऊ ते रविवारी दुपारी दीड. मोजून ८८ तास.

त्यानंतर नातेवाइकांत जे बोलले गेले ते मी इथे सगळे लिहीत नाही. एकच वाक्य सांगतो, कारण ते अजूनही फिरते आहे. "पैसा मीठा लगा उसको." भावाने त्यावर कधी उत्तर दिले नाही. पण त्या वाक्याची सुरुवात माझ्या फोनवरच्या वाक्यातून झाली होती, हे मला माहीत आहे. पाच तासांचा रस्ता असेल तर चौथ्या दिवशी येणारा मुलगा कसूरवारच ठरणार. म्हणून हा लेख त्या पाच तासांच्या आकड्याविषयी आहे.

आकडा तसा खोटा नाही. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे दोन विमानतळांमधले सर्वांत जवळचे अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून मिळत नाही. गोलावर दोरा ताणून धरावा तसे ते मोजतात. पुण्याच्या लोहगाव विमानतळापासून जेद्दाचा विमानतळ असा मोजला तर सुमारे ३,६४० किलोमीटर, मुंबईहून सुमारे ३,५२०. विमान अरबी समुद्र ओलांडून ओमानवरून आणि रुब अल-खालीच्या वाळवंटावरून जाते. मुंबईहून जेद्दाला पाच ते साडेपाच तास लागतात. येताना वेळ थोडा कमी लागतो, कारण त्या उंचीवर, विशेषतः हिवाळ्यात, वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. घड्याळाचाही एक खेळ आहे. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे जाताना साडेपाच तासांचा प्रवास घड्याळात तीन तासांचाच दिसतो. येताना तेच अडीच तास वाढून दिसतात.

गोलावरचा हा ताणलेला दोरा मुसलमानांना नवा नाही. आपण रोज पाच वेळा त्याच्याच दिशेने तोंड करून उभे राहतो. नकाशावर पट्टी ठेवली तर पुण्याहून मक्का पश्चिमेच्या साधारण ५ अंश उत्तरेला दिसते. गोलावर मोजली तर ती साधारण ११ अंश उत्तरेला येते. आपल्याकडे हा फरक लहान आहे. न्यूयॉर्कमधल्या मशिदी मात्र याच हिशेबाने ईशान्येकडे तोंड करून आहेत, आणि नकाशा बघणाऱ्याला ते चुकल्यासारखे वाटते.

या हिशेबासाठी अल-बिरुनीने एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्याने हिंदुस्थानवर लिहिलेले पुस्तक आपल्याला माहीत असते. शहरांची स्थाने आणि त्यांच्यातली अंतरे निश्चित करण्यावरचा त्याचा १०२५ सालचा ग्रंथ कमी लोकांना माहीत असतो. गझनीहून किब्ल्याची दिशा नेमकी कोणती, हा त्यातला एक मुख्य प्रश्न. त्यासाठी त्याला बगदाद ते गझनी हे सरळ अंतर हवे होते. हाताशी होती ती काफिल्यांच्या वाटांची अंतरे, फरसखमध्ये मोजलेली. बिरुनीने काय केले? वाट सरळ नसते, ती डोंगराला वळसा घालते, पाण्याच्या मागे जाते, हे धरून त्याने वाटेच्या अंतरातून काही हिस्सा वजा केला आणि मग सरळ अंतर काढले.

हजार वर्षांपूर्वीच्या या माणसाला पक्के ठाऊक होते की माणूस चालतो ती वाट वेगळी आणि गोलावरचे अंतर वेगळे. आपल्या हातातला मोबाइल वळणे वजा करूनच आकडा दाखवतो. ती परत मिळवणे हे आपले काम, आणि आपण ते करत नाही.

गंमत म्हणजे माझ्या नोकरीत मी हेच काम करतो. चाकणच्या एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीच्या डिस्पॅचमध्ये मी आहे. आमचे सुटे भाग गाड्यांच्या मोठ्या कारखान्यांना जातात. त्यांच्याकडे साठा करून ठेवत नाहीत. माल ठरल्या वेळी गेटवर हवा, नाहीतर लाइन थांबते आणि मग फोनवर काय ऐकावे लागते ते चाकणमधल्या कुणालाही विचारा. सहा किलोमीटरवरच्या कारखान्याला आम्ही दहा मिनिटे कधीच धरत नाही. माल भरणे, गेट पास, तळेगाव चौकातली कोंडी, समोरच्या गेटवरची रांग, सगळे धरून दीड तास. अंतर किती हे आम्ही विचारतच नाही, आमच्या गेटपासून त्यांच्या गेटपर्यंत किती वेळ ते विचारतो.

सरकारसुद्धा हेच करते. मालासोबतच्या ई-वे बिलाची मुदत साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी ठरलेली आहे. ट्रक तासाला साठ किलोमीटर पळू शकतो म्हणून तीन-सव्वातीन तासांची मुदत कुणी देत नाही. ड्रायव्हरला जेवायचे असते, झोपायचे असते, टायर फुटतो, घाट तुंबतो, हे नियमाने गृहीत धरले आहे.

आपल्या फिकहचेही तेच. हनफी मसलकात मुसाफिर कोण? मध्यम गतीने तीन दिवस लागतील इतक्या वाटेवर निघालेला. माप दिवसांचे आहे. पुढे उलेमांनी लोकांच्या सोयीसाठी त्याचे मैल केले, ४८ मैल, म्हणजे साधारण ७७ किलोमीटर. मूळ विचार मात्र वेळेचा आणि मेहनतीचा होता. त्या हिशेबाने चाकणचा माणूस मुंबईच्या विमानतळावर पोहोचेपर्यंतच मुसाफिर झालेला असतो. विमान अजून जमिनीवरच असते.

ट्रकसाठी मी एवढा हिशेब करतो. भावाला मात्र मी पाच तास दिले.

आता त्या ८८ तासांचा जमाखर्च मांडतो.

पहिले साडेएकोणपन्नास तास परवानगीत गेले. सौदीतून बाहेर पडून परत यायचे तर परतीचा व्हिसा लागतो. १४ मार्च २०२१ पासून तिथे कामगार कायद्यात बदल झाले आणि खासगी कंपन्यांतल्या बऱ्याच कामगारांना हा व्हिसा मालकाच्या संमतीशिवाय ऑनलाइन घेता येऊ लागला. घरकाम करणारे आणि घरगुती ड्रायव्हर यांना या सुधारणेतून वगळण्यात आले. माझा भाऊ त्यातलाच. बुधवारी रात्री त्याच्या कफीलने फोन उचलला नाही. गुरुवारी उचलला, तर घरात मुलीच्या लग्नाची गडबड होती. दुसरा ड्रायव्हर मिळाला की जा, असे उत्तर आले. पासपोर्ट कफीलकडेच होता. कामगाराचा पासपोर्ट असा ठेवून घेणे सौदीच्या नियमांतही बसत नाही, पण रात्रीच्या वेळी नियम कुणाला दाखवायचा? शुक्रवारी रात्री, आपल्या घड्याळात अकरा वाजता, पासपोर्ट हातात आला आणि व्हिसा निघाला.

पुढचे साडेवीस तास तिकिटात गेले. थेट विमानात जागा होती, पण त्याच्या सव्वा महिन्याच्या पगाराएवढी किंमत होती. ओळखीच्यांकडून उसने पैसे गोळा करून त्याने मध्ये एका ठिकाणी उतरून जाणारे स्वस्त तिकीट घेतले. शनिवारी आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेसातला विमान जेद्दाहून उडाले.

त्यानंतरचे बारा तास विमानात आणि मधल्या विमानतळावर. प्रत्यक्ष हवेत सहा, बाकीचे सहा तास बाकावर बसून.

शेवटचे सहा तास मुंबई विमानतळ ते पिंपरी. इमिग्रेशन, सामान, मग गाडी. रविवार होता, द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात वाहनांची रांग लागली होती. भाऊ म्हणतो की तो घाट त्याला सगळ्यांत लांब वाटला.

८८ तासांत हवेतले सहा. उरलेल्या ८२ तासांचा एकही तास मामूंच्या मोबाइलवर दिसत नव्हता.

आता याच पट्ट्यातला दुसरा प्रवासी घ्या. आमच्या चाकणमध्ये जर्मनीहून इंजिनीअर येतात. फोक्सवॅगनचा कारखाना इथे २००९ साली सुरू झाला, मर्सिडीजही इथेच गाड्या बनवते. फ्रँकफर्ट ते मुंबई सुमारे ६,५७० किलोमीटर, जेद्दाच्या जवळजवळ दुप्पट. थेट विमान आठ-नऊ तासांत येते. एकदा आमच्याकडच्या मशीनमध्ये बिघाड झाला. सोमवारी दुपारी मेल गेला आणि मंगळवारी संध्याकाळी तिकडचा इंजिनीअर शॉपफ्लोअरवर उभा होता. मला त्याच्याविषयी काही तक्रार नाही, भला माणूस होता. पण दुप्पट अंतर त्याने निम्म्याहूनही कमी वेळात कापले. त्याच्या खिशात पासपोर्ट होता, तिकीट कंपनीने काढले होते, आणि त्याने निघू नये असे म्हणणारे कुणी नव्हते. अंतर किलोमीटरवर ठरत असते तर असे झाले नसते.

या पट्ट्यात विमानतळावर चर्चा खूप होते. चाकण-राजगुरुनगर परिसरात आंतरराष्ट्रीय विमानतळ होणार हे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत होतो. जागा बदलत गेल्या, शेतकऱ्यांचा विरोध होता, आणि अखेर २०१६ मध्ये प्रकल्प पुरंदर तालुक्यात गेला. तिथल्या सात गावांनीही विरोध केला. त्यातले एक खानवडी, महात्मा फुल्यांच्या घराण्याचे गाव. ज्याची बागायत जमीन जाते त्याचे म्हणणे मला पटते. माझा भाऊ चार तास लवकर यावा म्हणून कुणाची अंजिराची बाग जावी असे मी म्हणणार नाही.

मला खटकते ते वेगळेच. या सगळ्या चर्चेत प्रवासी म्हणून कोण मोजला जातो? गुंतवणूकदार, निर्यातदार, आयटीवाले. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, धावपट्टी मर्यादित, तरीही इथल्या कारखान्यांची गरज म्हणून काही वर्षे लुफ्थान्साचे छोटे विमान फ्रँकफर्टहून पुण्याला येत होते. आखातात ड्रायव्हर, वेल्डर, फिटर, नर्स म्हणून गेलेल्यांची गरज अशी कुणी मोजली का? हजला आणि उमऱ्याला जाणारे इथे कमी नाहीत. महाराष्ट्रातून हजची विमाने मुंबई, नागपूर आणि औरंगाबादहून सुटत आली. पुणे-पिंपरीच्या म्हाताऱ्या हाजींना आधी मुंबई गाठावी लागते. विमानतळ कुठेही होवो, मोजणीत ही माणसे आली पाहिजेत.

जुन्या लोकांना याबाबत आपल्यापेक्षा जास्त समजत होते असे मला वाटते. १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्दाला हजचे जहाज जायचे. पाण्यावर दहा-पंधरा दिवस जायचे. गावाहून निघताना लोक देणी फेडायचे, माफी मागायचे, शेजाऱ्यांची गळाभेट घ्यायचे. मागे कुणाचा इंतकाल झाला तर आपण येऊ शकणार नाही, हे जाणारा आणि राहणारा दोघेही धरून चालायचे. न आलेल्यावर ठपका नव्हता, कारण अंतर सगळ्यांना दिसत होते. विमान आले आणि अंतर दिसेनासे झाले. ते संपले मात्र नाही. परवानगीत, तिकिटात, पासपोर्टच्या कपाटात ते तसेच पडून आहे.

म्हणून माझे म्हणणे तीन जणांना आहे.

पहिले, घरच्यांना. परदेशातल्या मुलासाठी जनाजा किती थांबवायचा हे ठरवताना विमानाचे तास मोजू नका. पासपोर्ट कुणाकडे आहे आणि व्हिसा निघाला का, एवढे दोन प्रश्न विचारा. उत्तर नाही असेल तर थांबू नका, आणि न थांबल्याचे ओझे त्याच्यावर टाकू नका. त्या गुरुवारी माझ्या भावाच्या ओळखीच्या कोकणी मुलांनी जेद्दात अब्बांची गायबाना नमाज पढली. कोकणातले शाफई ती पढतात, आम्ही हनफी पढत नाही. भाऊ त्यांच्या सफमध्ये उभा राहिला. मला हे त्याने सहा महिन्यांनी सांगितले, तेही दबकत, मसलकावरून कुणी बोलेल म्हणून. ज्याला बापाच्या जनाज्याला पोहोचता आले नाही त्याच्याशी आपण मसलकावर वाद घालणार आहोत का?

दुसरे, जाणाऱ्यांना. करार वाचा. घरात मृत्यू झाला तर सुटी आणि तिकीट यांचे काय, हे निघण्याआधी लिहून घ्या. ई-मायग्रेटवर नोंद असेल अशाच एजंटकडून जा. पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत घरी ठेवा. अडचण आली तर भारतीय वकिलातीकडे 'मदद' पोर्टलवर तक्रार करता येते, हे घरातल्या एका तरी माणसाला माहीत असू द्या. आणि एका तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा, ते घरबांधणीत घालू नका.

तिसरे, आपल्या जमातींना. मशिदींच्या कमिट्या जलशांसाठी, मंडपासाठी वर्गणी काढतात. आखातात माणूस असलेली घरे पिंपरी, कासारवाडी, आकुर्डी, चाकण अशा प्रत्येक वस्तीत आहेत. अशा वेळी एका रात्रीत तिकीट काढून देता येईल एवढा कर्जाऊ निधी जमातीने ठेवला तर काय बिघडेल? आमच्या हिशेबातले साडेवीस तास त्याने पाचावर आले असते. गुरुवार तरीही गाठता आला नसता, हे खरे. पण तो आईजवळ शुक्रवारी-शनिवारी पोहोचू शकेल, अशा कितीतरी घरांना याचा उपयोग होईल.

गेल्या महिन्यात भाऊ सुटीवर आला होता. कब्रस्तानातून परत येताना मी त्याला म्हणालो की त्या रात्री फोनवर मी जे बोललो ते चुकीचे होते. तो थोडा वेळ चालत राहिला. मग म्हणाला, "भाई, तू बोला तब मैं भी वहीच सोच रहा था. पाँच घंटे का तो रास्ता है. मुझे भी यहीच लगा था."

मामूंना हा लेख मी वाचून दाखवणार आहे.